जोडलेल्या हातांचं मस्टर

मी दंतवैद्यांना फक्त एवढंच विचारलं होतं, की मंगळवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी तुम्ही प्रार्थना केलीत का. यात चिडण्यासारखं काय होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी आवाज चढवला नव्हता. चपला दाराबाहेर काढल्या होत्या. आता त्यांच्या खुर्चीत एक पेशंट तोंड उघडं टाकून पडला होता हे खरं, पण तोंड पेशंटचं अडकलं होतं, डॉक्टरांचं नव्हे. ते उत्तर द्यायला पूर्ण मोकळे होते.

झालं होतं असं, की आमच्या चर्चच्या दाराशी पूर्वी एक लाकडी पेटी असायची. ज्याला जी अडचण असेल ती त्याने चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायची आणि बुधवारी संध्याकाळी सहा-सात म्हाताऱ्या माणसांनी गुडघे टेकून त्या चिठ्ठ्यांसाठी प्रार्थना करायची. पेटीत किती चिठ्ठ्या पडल्या हे कधी कोणी मोजलं नाही. मग दंतवैद्य कमिटीचे सेक्रेटरी झाले. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की जग कुठे चाललंय आणि आपण पेटी घेऊन बसलोय. पेटी गेली, फोनवर ग्रुप आला. प्रार्थनेची विनंती ग्रुपवर टाकायची आणि बाकीच्यांनी खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकायचं, म्हणजे प्रार्थना करतो असा त्याचा अर्थ. मी चौतीस वर्षं एका कचेरीच्या हजेरी विभागात काढलेली, नोंदी नीट ठेवणारा माणूस म्हणून त्यांनी मलाही त्या ग्रुपचा ॲडमिन केलं. हा निर्णय त्यांचा होता, हे पुढचं सगळं वाचताना कृपा करून लक्षात ठेवावं.

महिन्याभरात ग्रुपमध्ये तीनशे बारा माणसं झाली. बँक मॅनेजरांच्या पत्नींच्या गुडघ्याला चौसष्ट हात मिळाले. त्याच दिवशी एका निवृत्त ड्रायव्हरच्या मोतीबिंदूला अकराच मिळाले, तेव्हा त्यांनी तोच मोतीबिंदू दुसऱ्या दिवशी फोटोसकट पुन्हा टाकला. एका आईने मुलीच्या परीक्षेसाठी विनंती केली आणि तिसऱ्या दिवशी शंभरी गाठून दिल्याबद्दल सर्वांचे आभार मानले. परीक्षा अजून व्हायची होती. दंतवैद्य दर शनिवारी त्या आठवड्यात सर्वांत जास्त हात कोणाला मिळाले ते जाहीर करू लागले. पलीकडच्या मंडळीच्या ग्रुपमध्ये जेमतेम नव्वद माणसं असल्याचं आमच्या पाळकसाहेबांनी एका उपदेशात दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा अत्यंत नम्रपणे.

त्या मंगळवारी ग्रुपवर किल्लीकाकांच्या बायकोची विनंती आली. किल्लीकाका म्हणजे आमच्या चर्चचे राखणदार. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो, म्हणून सगळे त्यांना तेच म्हणतात. काकूंनी लिहिलं होतं, 'ह्यांचं सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस असतं. झाल्यावर चक्कर येते. मी कामावर असते. हॉस्पिटलातून घरी आणायला सोबत हवी आहे. प्रार्थना करावी.' खाली एकशे सेहेचाळीस जणांनी हात जोडले. चौदा जणांनी वर फूलही टाकलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी चर्चमध्ये गीतपुस्तकं लावायला गेलो, तर दार उघडायला काकू. जुडगा त्यांच्या कमरेला. काका कुठे आहेत विचारलं, तर म्हणाल्या घरी, आज ते गेलेच नाहीत. बुधवारी एकटे गेले होते. परत येताना बसमधून उतरले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि एका दुकानाच्या पायरीवर दोन तास बसून राहिले. दुकानदाराने पाणी दिलं, मग प्यायलेले समजून उठवलं. तेव्हापासून म्हणतात, मरायचंच आहे तर घरी मरतो. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की एक वेळ चुकली तर निभावेल, पण सोमवारही चुकला तर माणूस हाताचा जाईल.

"पण एकशे सेहेचाळीस जणांनी..." मी म्हणालो.

"पाहिलं मी," काकू म्हणाल्या. "मोठ्या मनाची माणसं आहेत सगळी. पण आलं कोणी नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हजेरी विभागात एक गोष्ट अंगात मुरते, ती म्हणजे सही ती सही. मस्टरवर सही केलीत तर तुम्ही हजर. सही ठोकून चहाला गेलात तर तो गुन्हा, मग तुम्ही शिपाई असा नाहीतर साहेब. मी साहेबांनाही सोडलेलं नाही, त्यापायी माझी एक बढती गेली आणि त्याचं मला दुःख नाही. जोडलेले हात म्हणजे काय, तर सहीच. शेजारी वेळसुद्धा छापून येते. मी त्याच संध्याकाळी एक जाड वही काढली, रेघा मारल्या आणि रकाने पाडले. अनुक्रमांक, नाव, वार, वेळ, हात की फूल, प्रत्यक्ष कृती, शेरा. एकशे सेहेचाळीस नावं फोनवरून एकामागून एक उतरवून काढली. अक्षर इतकं सुरेख आलं की निवृत्तीनंतर प्रथमच जीव जरा थंड झाला.

आमच्या शेजारी एक विमा एजंट राहतात. सल्ला द्यायला त्यांना निमित्त लागत नाही. शनिवारी सकाळी मला वही घेऊन निघालेला पाहून ते जिन्यात आडवे आले. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले की तुमची सुरुवातच चुकतेय. दार उघडल्या उघडल्या प्रार्थना केली का विचारलं तर माणूस बिथरतो. आधी मुलांची चौकशी करायची, मग हवापाणी, मग आयुष्याचा काही भरवसा नाही असं म्हणून एक सुस्कारा टाकायचा आणि तो टाकता टाकता वही पुढे सरकवायची. मी म्हटलं, मी विमा विकत नाहीये. तर म्हणाले, तेच तर चुकतंय.

मी त्यांचं ऐकलं नाही. पहिला मुक्काम दंतवैद्यांचा दवाखाना. ते आधी पांढरे पडले, मग लाल झाले आणि नंतर त्यांनी मला बाहेरचा रस्ता दाखवला. पण खुर्चीतला पेशंटही आमच्याच मंडळीतला, अनुक्रमांक बत्तीस. रिकाम्या हाती कशाला जायचं म्हणून जाता जाता मी त्यालाही विचारलं, काकांना सोमवारी आणाल का. तोंडात कापूस असल्यामुळे त्याला बोलता येईना. त्याने मान हलवली. मी शेऱ्यात 'तोंडी होकार' अशी नोंद केली. नंतर त्याचं म्हणणं पडलं की ती मान नकाराची होती, पण खाडाखोड केलेलं मस्टर मी आयुष्यात ठेवलेलं नाही.

त्या दिवशी तेवीस घरं झाली. बँक मॅनेजरांच्या पत्नी म्हणाल्या की चष्मा नव्हता, मला वाटलं ते माझ्या गुडघ्याखालचेच आभार आहेत. एक गृहस्थ म्हणाले, मी सगळ्यांनाच हात टाकतो, वाचत बसत नाही, उगाच कोणी राहून गेलं असं नको. एका घरात तीन फोन होते आणि तिन्हींवरून एकच माणूस हात जोडत होता, कारण घरातल्या बाकीच्यांना वेळ नसतो. अनुक्रमांक एकोणसाठ या बाईंना भेटायचं आहे म्हटल्यावर त्यांच्या सूनबाईंनी भिंतीवरचा फोटो दाखवला. सासूबाई मागच्या वर्षीच गेल्या होत्या. फोन मात्र चालू होता, आणि सूनबाई त्यावरून हात जोडत होत्या, का तर सासूबाईंचं नाव लोकांच्या डोळ्यांसमोर राहावं. नावापुढे 'मयत' लिहून प्रत्यक्ष कृतीच्या रकान्यात मी सवलतीची रेघ मारली. तेवढं माझ्याही नियमात बसतं.

संध्याकाळी पाय भरून आले होते आणि कृतीचा रकाना रिकामा होता. तेव्हा मी जे केलं ते संतापाच्या भरात केलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मी आधी चहा घेतला होता. वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'डायलिसिसची विनंती. हात जोडणारे, एकशे सेहेचाळीस. घरी आणायला आलेले, शून्य.' सगळ्या पानांचे फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. ग्रुप दंतवैद्यांनी प्रसिद्धीसाठी सर्वांना खुला करून ठेवलेला, बाहेरच्यांनाही तिथे पाहता आणि हात जोडता येत. ते फोटो या फोनवरून त्या फोनवर जात जात कुठल्या कुठे गेले. रविवारी सकाळी पाहिलं तर माझ्या त्या शून्याला नऊ हजार लोकांनी हात जोडले होते.

आता खरं सांगायचं तर त्या वेळी मला या आकड्यातली गोम दिसली नाही. मला आकडा दिसला. चर्चला जायचा शर्ट मी दोनदा इस्त्री केला आणि मधल्या वेळात फोन अकरा वेळा पाहिला. कोणा अनोळखी माणसाने 'अशी माणसं आता राहिली नाहीत' असं लिहिलं होतं. ते मी बायकोला स्वयंपाकघरात जाऊन वाचून दाखवलं. तिने ऐकलं नसेल असं वाटून पुन्हा वाचून दाखवलं. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि वही मागून घेतली. मला वाटलं अक्षराचं कौतुक करणार.

"अहो, सत्त्याऐंशी नंबरला कोण आहे?"

"असेल कोणीतरी."

"नाव तुमचं आहे. मंगळवार, दहा चाळीस."

मी वहीत डोकावलो. होतं. मस्टर लिहिणाऱ्याचं असंच असतं, हात लिहितो आणि डोकं दुसरीकडे असतं. मी माझंच नाव, माझ्याच सुरेख अक्षरात, उतरवून मोकळा झालो होतो आणि पुढचा रकाना इतरांइतकाच कोरा ठेवला होता. नऊ हजार लोकांनी तो पाहिला होता आणि एकानेही वाचला नव्हता.

"प्रार्थना तरी केली होतीत?" तिने विचारलं.

"करणारच होतो. पण तेवढ्यात गुडघ्याला हात टाकायचे राहिलेत हे लक्षात आलं."

तिने वही मिटून माझ्या हातात दिली. दुसऱ्यांच्या दारात उभं राहून मी जे विचारत हिंडलो ते माझ्या स्वतःच्या दारात कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्यावर माझ्याकडे तोंडात कापूस असल्याचीही सबब नव्हती. मला लाज वाटली. इस्त्रीच्या शर्टात ती जास्त वाटते.

उपासना झाल्यावर कमिटीने मला मागच्या खोलीत बोलावलं. शनिवारी दुपारी माझा राजीनामा घ्यायचं ठरलं होतं, हे मला विमा एजंटांकडून कळलेलं. त्यामुळे मी तयारीत होतो. पण दंतवैद्यांनी उठून मला खुर्ची दिली. नऊ हजार, ते म्हणाले, एका रात्रीत नऊ हजार, पलीकडच्या मंडळीला हे दहा वर्षांत जमणार नाही. आता ही संधी सोडायची नाही. सोमवारी तुम्ही किल्लीकाकांबरोबर हॉस्पिटलात बसायचं. काका मशीनला लावलेले, तुम्ही शेजारी, वही मांडीवर. आपण ते थेट फोनवर दाखवायचं. केवढ्या लोकांपर्यंत देवाचं काम पोचेल. पाळकसाहेब टेबलाच्या कडेवरचा डाग नखाने खरवडत होते.

"काकांना विचारलंत का?" मी म्हटलं.

काका कशाला नाही म्हणतील, असं दंतवैद्य म्हणत असतानाच काकू खोली बंद करायची म्हणून किल्ल्या घेऊन दारात आल्या. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

"ते नाही म्हणतात," त्या म्हणाल्या. "गल्लीतली पोरं येऊन सांगून गेली की काका, तुमची किडनी फेमस झाली. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून झोपलेत. मी चर्चची राखण केली, चर्चने माझी जाहिरात केली, असं म्हणतात. उद्याही जाणार नाहीत."

खोलीत कोणी कोणाकडे बघेना. चूक माझी होती. सोमवार वाचवायला मी निघालो होतो, आणि सोमवार मीच घालवत होतो.

मी खिशातून फोन काढला. माझ्या अनोळखी चाहत्यासकट, नऊ हजार हातांसकट, ते फोटो सगळ्यांच्या देखत पुसून टाकले. मग ग्रुप बाहेरच्यांसाठी बंद केला. मग चित्रं टाकायची सोय बंद केली. दंतवैद्यांचा फोन दर वेळी टिंग वाजून त्यांना ते कळवत होता. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय. मी म्हटलं, नियम करतोय. यापुढे इथे विनंती टाकायची, खाली फक्त कोण येतो आणि किती वाजता तेवढं लिहायचं. ज्याला येता येत नाही त्याने घरी दार लावून प्रार्थना करावी, आम्हाला कळवायची गरज नाही. ज्याला कळवायचंय त्याला कळलेली आहेच.

"तीनशे बारातले अडीचशे जातील," दंतवैद्य म्हणाले.

"जाऊ देत."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. डॉक्टर, आपण ख्रिस्ताचं नाव लावतो. त्याने कधी कोणाला बरं करायच्या आधी गर्दी मोजून घेतली नाही, उलट पुष्कळदा सांगितलं की कोणाला बोलू नका. आपण बरं तर करत नाहीच, वर मोजतो. मी पण मोजलं. कालपासून अकरा अकरा वेळा मोजलं. आता नाही मोजणार, आणि तुम्हालाही मोजू देणार नाही. मला काढायचं तर काढा."

त्यांनी काढलं. चार विरुद्ध तीन. पण ठराव अमलात येतो तो पुढच्या बैठकीत इतिवृत्त मंजूर झाल्यावर, हा नियम आहे, आणि तो या कमिटीला मीच शिकवलेला आहे. पुढची बैठक महिन्याने होती. महिनाभर ग्रुप माझा होता.

मी वहीचं कोरं पान काढलं, त्यावर तीन वार लिहिले आणि ते टेबलावर ठेवलं. सोमवारपुढे माझं नाव घातलं. बराच वेळ पान तसंच पडून राहिलं. एकाला दुकान होतं, एकाला रक्त बघवत नव्हतं, दंतवैद्यांना दवाखाना होता. मग पाळकसाहेबांनी डाग खरवडायचं सोडून पेन घेतलं आणि बुधवारपुढे सही केली. शुक्रवार रिकामाच राहिला. दुपारी बँक मॅनेजरांच्या पत्नींनी ग्रुपवर लिहिलं, की मला जिने चढवत नाहीत, पण शुक्रवारी आमची गाडी आणि मी दोघी रिकाम्याच असतो, एक वाजता हॉस्पिटलच्या फाटकाशी येईन. त्यांच्या गुडघ्याबद्दल मी मनात जे जे बोललो होतो ते सगळं परत घेतलं. संध्याकाळपर्यंत ग्रुपमध्ये एकेचाळीस माणसं उरली.

सोमवारी सकाळी सातला मी काकांच्या घरी गेलो. काकू कामावर निघत होत्या. काका खरोखरच भिंतीकडे तोंड करून पडले होते. पाय सुजून भरलेले होते. मी स्टूल ओढून बसलो.

"काका, माझं चुकलं."

मी पुन्हा म्हटलं. तेव्हा भिंतीकडून आवाज आला.

"फोन आणलाय?"

"घरी ठेवलाय."

"आणि ती वही?"

"तीही."

मग ते हळूहळू उठून बसले आणि म्हणाले, "तो निळा शर्ट द्या. सव्वासातची बस चुकली तर पुढची पावणेआठला आहे."

हॉस्पिटलात सोबत बसायचं तर पास लागतो. पासच्या खिडकीवर एक फॉर्म होता, त्यात रुग्णाशी नातं असा रकाना. मी म्हटलं, आम्ही एका मंडळीतले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, तसं नातं यादीत नाही. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. मी सांगितलं की चौतीस वर्षांत मी कुठल्याही कागदावर एक खोटी नोंद केलेली नाही. त्या म्हणाल्या की मग बाहेर थांबा. मागे रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. काका बाकावरून उठून भिंतीला धरत धरत खिडकीपाशी आले.

"भाऊ लिहा," ते म्हणाले.

"आडनावं वेगळी आहेत," बाई म्हणाल्या.

"असू देत. मला न्यायला हाच आलाय."

बाईंनी एकदा त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि शिक्का मारला. मी त्या नोंदीकडे परत परत पाहिलं. मला ती खोटी वाटेना.

चार तास मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो. काका झोपले आणि मंगळवारपासून राहिलेलं काम मी तिथे केलं, डोळे मिटून, कोणाला न कळवता. नंतर त्यांना घेऊन बाहेर पडलो. हॉस्पिटलच्या दाराशी सात पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवर काकांचे पाय लटपटले. त्यांनी दोन्ही हातांनी माझा दंड धरला, मी एक हात त्यांच्या पाठीमागून घातला आणि दुसऱ्याने कठडा पकडला. तेवढ्यात एक मुलगी खालून वर येता येता थांबली. ग्रुपवर माझ्या नावाशेजारी असलेल्या फोटोवरून तिने मला ओळखलं. तुम्हीच ना ते, मस्टरवाले, ती म्हणाली. तुमच्या वहीचे फोटो आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरले. दोघांचा एक फोटो घेऊ का?

मी नाही म्हणालो. तिला वाईट वाटलं. फोन तर तिने आधीच वर धरलेला.

"बरं, मग तुमचा एकट्याचा. नुसते हात जोडा ना, एकच सेकंद."

"हात मोकळे नाहीत," मी म्हटलं, आणि आम्ही तिसरी पायरी उतरलो.